व्यासपीठाच्या आधीची सभा

आंतरराष्ट्रीय मिडवाइफरी परिषदेची जी छायाचित्रे सगळीकडे फिरतात, ती बहुतेक उद्घाटनाची असतात. देशोदेशींचे झेंडे, रंगीबेरंगी पोशाख, खचाखच भरलेले सभागृह. परिषदेहून आलेल्या व्यावसायिक संघटनेच्या वार्षिक अहवालातही बहुधा तेच छायाचित्र पहिल्या पानावर येते आणि खाली एक ओळ असते, ‘आपल्या संघटनेचा सक्रिय सहभाग’. कोणता ठराव मांडला, कोणत्या ठरावावर कसे मत दिले, परतल्यावर कुठल्या प्रसूतिकक्षात काय बदलले, हे त्या अहवालात शोधूनही सापडत नाही. या प्रवासाला सभासदांच्या वर्गणीचा पैसा लागलेला असतो. तेव्हा हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

परिषद हा सन्मानाचा प्रसंग आहे, ही समजूत संघटनांनी सोडून द्यावी. ते एका परिषदेपासून पुढच्या परिषदेपर्यंत, तीन वर्षे चालणारे काम आहे. त्या कामातली पहिली जागा पदाधिकाऱ्यांना न देता रात्रपाळीत बाळंतपणे करणाऱ्या मिडवाइफला द्यावी.

शब्दाबद्दल थोडे. मराठीत ‘सुईण’ हा शब्द अनुभवातून शिकलेल्या बाईसाठी रुळला आहे, आणि कागदोपत्री ‘प्रसाविका’ येतो. इथे अभिप्रेत आहे ती मान्यताप्राप्त शिक्षण घेतलेली, नोंदणी झालेली आणि बाळंतपणाची जबाबदारी स्वतः उचलणारी व्यावसायिक. तिच्यासाठी ‘मिडवाइफ’ हाच शब्द वापरला आहे.

या क्षेत्रातली सर्वांत मोठी परिषद भरवते ती इंटरनॅशनल कॉन्फेडरेशन ऑफ मिडवाइव्ह्ज, म्हणजे आयसीएम. तिची मुळे १९१९ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला झालेल्या मिडवाइफच्या बैठकीत आहेत. आजचे नाव १९५४च्या लंडन परिषदेपासूनचे. तेव्हापासून दर तीन वर्षांनी परिषद भरते. त्यांतल्या काही: १९९० कोबे, २००५ ब्रिस्बेन, २००८ ग्लासगो, २०११ डर्बन, २०१४ प्राग, २०१७ टोरंटो. २०२०ची बालीची परिषद कोविडमुळे पुढे गेली, २०२१ मध्ये ती ऑनलाइन झाली आणि प्रत्यक्ष बालीला सगळे जमले ते २०२३ मध्ये. २०२६साठी लिस्बन ठरले. दरवर्षी ५ मे रोजी साजरा होणारा आंतरराष्ट्रीय मिडवाइफ दिनसुद्धा १९८७च्या हेग परिषदेतल्या कल्पनेतून आलेला आहे.

आयसीएमच्या सभासद व्यक्ती नसतात, संघटना असतात. शंभराहून अधिक देशांतल्या संघटना तिच्यात आहेत. परिषदेच्या मुख्य कार्यक्रमाआधी या संघटनांच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे कौन्सिल, भरते. तिथे ना फुलांची सजावट असते ना वाद्ये. टेबलांवर देशांच्या पाट्या, समोर मसुदे, आणि शब्दाशब्दावर चाललेली चर्चा. बाहेर कोणाला फारशी दिसत नाही अशी ही सभाच संघटनेच्या सहभागाची खरी जागा आहे.

उदाहरण म्हणून मिडवाइफ कोणाला म्हणायचे, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या घ्या. २००५ मध्ये ब्रिस्बेनला, २०११ मध्ये डर्बनला आणि २०१७ मध्ये टोरंटोला ती सुधारून स्वीकारली गेली. तिच्यात एक वाक्यांश आहे: बाळंतपण ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ करणारी. मूळ इंग्रजीत हे मोजके चार-पाच शब्द. पण एखादे सरकार मिडवाइफसाठी कायदा किंवा नियमावली करायला बसते, तेव्हा टेबलावर हीच व्याख्या असते. हे शब्द नियमावलीत आले, तर गुंतागुंत नसलेल्या बाळंतपणात निर्णय मिडवाइफ घेते आणि गरज पडली की डॉक्टरांना बोलावते. ते गळले, की तीच मिडवाइफ प्रत्येक तपासणीसाठी दुसऱ्याच्या सहीची वाट पाहत बसते. कळा देणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येते, ते या शब्दांच्या असण्या-नसण्यावर ठरते.

शिक्षणाच्या निकषांचेही तसेच. आयसीएमने २०१०च्या जागतिक मानकांत थेट प्रवेशाच्या अभ्यासक्रमाला किमान ३ वर्षे आणि नर्सिंगनंतरच्या अभ्यासक्रमाला किमान १८ महिने सांगितले. त्यात किमान ४० टक्के सैद्धांतिक आणि किमान ५० टक्के प्रत्यक्ष काम. जिथे सहा महिन्यांत ‘मिडवाइफरी’ उरकली जाते, तिथल्या संघटनेच्या हातात हे आकडे म्हणजे भक्कम पुरावा आहे. आपल्या सरकारला ती ठामपणे सांगू शकते की हे आमचे मनचे नाही. हे निकष मंजूर होताना आपल्या प्रतिनिधीने काय भूमिका घेतली, हे जर सभासदांनाच माहीत नसेल, तर त्या आकड्यांमागे उभे राहायचे बळ कुठून येणार?

कौन्सिलची तयारी म्हणजे कागदांची तयारी. मसुदे काही महिने आधी येतात. पुष्कळदा ते सचिवांच्या ईमेलमध्येच राहतात, प्रतिनिधी ते विमानात वाचतात आणि सभागृहात शेजारच्या देशाचा हात वर गेला की आपलाही करतात. हे टाळायला काही फार मोठी यंत्रणा लागत नाही. मसुदा आला की आठवड्याभरात त्याचा सभासदांच्या भाषेत दोन पानी गोषवारा करायचा. तो शाखांना पाठवताना तीनच प्रश्न विचारायचे: हे आपल्या कायद्याशी जुळते का, हे आपल्या प्रसूतिकक्षात शक्य आहे का, यातला कोणता शब्द आपल्याला अडचणीत आणेल. उत्तरे यायला चार आठवडे द्यायचे. मग कार्यकारिणीने प्रत्येक ठरावावर प्रतिनिधींना लेखी आदेश द्यायचा: बाजूने, विरोधात, किंवा अमुक दुरुस्ती झाली तरच बाजूने. सभेत चर्चा वेगळ्या वळणावर गेली तर प्रतिनिधींना मोकळीक हवीच. पण आदेशापासून का हटलो, हे त्यांनी परतल्यावर लिहून द्यावे. दिलेली मते महिन्याच्या आत सभासदांसमोर ठेवावीत. एवढे केले तरी सहभाग या शब्दाला अर्थ येतो.

प्रतिनिधी कोण, हा नाजूक प्रश्न आहे आणि तो टाळला जातो. अनेक ठिकाणी मिडवाइफची स्वतंत्र संघटना नसते. नर्सिंगच्या मोठ्या संघटनेत त्यांचा एक विभाग असतो. मग परिषदेला जाते ती त्या मोठ्या संघटनेची ज्येष्ठ पदाधिकारी, जिने कदाचित वीस वर्षांत एकही बाळंतपण हाताळलेले नाही. तिच्या ज्येष्ठतेचा अनादर करायचे काहीच कारण नाही. पण कळांच्या नोंदी कधी सुरू कराव्यात किंवा नाळ कधी कापावी, यावर मत देताना हाताला सवय असलेली व्यक्ती हवी. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीची सक्रिय अवस्था गर्भाशयमुख ५ सेंटिमीटर उघडल्यापासून धरावी असे सांगितले, आणि २०२०च्या अखेरीस जुन्या पार्टोग्राफच्या, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदवायच्या आलेखाच्या, जागी ‘लेबर केअर गाइड’ आणले. ४ सेंटिमीटरपासून रेषा ओढायची सवय झालेल्या कक्षात हा बदल करताना काय काय बिनसते, हे रोज ते काम करणारीलाच सांगता येते. प्रतिनिधींपैकी निदान एक जण गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष बाळंतपणे करत असलेली असावी, अशी अट संघटनेच्या घटनेतच घालावी.

शोधनिबंधांच्या बाबतीतही हीच विषमता दिसते. मुख्य कार्यक्रमात बोलायला मिळते ते सारांश स्वीकारला गेला तर. सारांश साधारण अडीचशे-तीनशे शब्दांचा असतो, मुदत परिषदेच्या बरीच आधी संपते, आणि परीक्षक नावे न पाहता गुण देतात. पद्धत दिसायला निःपक्ष आहे. तरी निवडल्या गेलेल्यांत विद्यापीठांतल्या अध्यापिका जास्त आणि वॉर्डातल्या मिडवाइफ फार थोड्या. वॉर्डात सांगण्यासारखे काही घडत नाही असे नाही. तिथले सारांश ठराविक कारणांनी गळतात. नैतिक समितीची मंजुरी आधी घेतलेली नसते, आणि नंतर ती मिळत नाही. किती बाया, किती काळ, कोणत्या नोंदींतून, हे न लिहिता थेट ‘सुधारणा झाली’ असे लिहिलेले असते. किंवा ‘निष्कर्ष परिषदेत सांगू’ असे लिहिलेले असते, आणि तेवढ्यावर परीक्षक पुढे वाचत नाहीत. वॉर्डात सुधारणा खरोखर झालेली असते. पण ती कागदावर उतरवायला कोणी शिकवलेले नसते.

हे शिकवणे संघटनेचे काम आहे. मुदतीच्या सहा महिने आधी शाखाशाखांतून विषय मागवावेत. अमुक कक्षाने बाळंतपणात बसून, उकिडवे किंवा कुशीवर राहायची मुभा दिली, अमुक कक्षाने योनिमुखाला छेद देण्याचे प्रमाण मोजायला सुरुवात केली, असे. प्रत्येक विषयाला संशोधन येणारी एक जोडीदार द्यावी. पहिल्या महिन्यात नैतिक समितीचा अर्ज जावा, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. मोजणीचा तक्ता एका पानाचा असावा. दोन पानांचा झाला की रात्रपाळीत भरला जात नाही. मुदतीच्या सहा आठवडे आधी पहिला खर्डा, चार आठवडे आधी बाहेरच्या दोघींकडून वाचन, आणि शेवटचा आठवडा फक्त शब्दसंख्या बसवायला. मोजणी करणारीचे नाव पहिले असावे, जोडीदाराचे शेवटी. हा क्रम सुरुवातीलाच लिहून ठरवला नाही, तर पुढे फार कडवटपणा येतो.

भाषेची अडचण याहून जुनी आहे. आयसीएमच्या कामकाजाच्या भाषा तीन: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश. ज्यांची भाषा या तिन्हींत नाही, त्यांना ज्ञान असूनही मागच्या रांगेत बसावे लागते. दहा-बारा मिनिटांचे भाषण पाठ करता येते. खरी परीक्षा नंतरच्या प्रश्नोत्तरांत असते. बोलणारीच्या शेजारी दुभाषी म्हणून सहकारी बसवायची परवानगी आयोजकांकडे आधी मागावी लागते, आणि मागितली तर ती सहसा मिळते. न मागणे ही संघटनेची चूक.

व्हिसाचेही तसेच. मॉन्ट्रियलला २०२२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत आफ्रिकेतल्या अनेकांना व्हिसा मिळाला नाही किंवा वेळेत मिळाला नाही, आणि ज्यांच्या प्रश्नावर परिषद होती तेच बाहेर राहिले. मिडवाइफच्या बाबतीत धोका जास्त आहे, कारण पगार कमी, बँकेतली शिल्लक थोडी, आणि सगळ्या बाया. ‘परत येणार नाही’ असा संशय घ्यायला वकिलातीला एवढे पुरते. संघटनेने निमंत्रणपत्र, मालकाचे रजेचे पत्र, खर्च कोण करणार याचे हमीपत्र आणि परतीचे तिकीट हे चार कागद एकाच नमुन्यात, पासपोर्टवरच्याच अक्षरांत, निदान चार महिने आधी तयार ठेवावेत. लग्नाआधीचे नाव नोंदणीपत्रावर आणि नंतरचे पासपोर्टवर, एवढ्या तफावतीवरही अर्ज अडकतो. पुढची परिषद कुठे घ्यायची, हा विषय निघेल तेव्हा प्रतिनिधींनी यजमान देशाची व्हिसाची वागणूक हा निकष म्हणून मांडावा. किनारे आणि सभागृहाची आसनक्षमता यांच्याइतका तरी तो महत्त्वाचा आहे.

आता पैसा. इथे सौम्य बोलून भागणार नाही.

परिषद भरवायला पैसा लागतो आणि बाळांच्या दुधाच्या पावडरीच्या उद्योगाकडे तो भरपूर आहे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीप्रसाराबद्दल आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली. तिच्या सातव्या कलमात आरोग्य कर्मचाऱ्यांना आर्थिक वा वस्तुरूप प्रलोभने देऊ नयेत असे म्हटले आहे, आणि परिषदेला जाण्यासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी कंपनीने काही दिले तर ते त्या कर्मचाऱ्याच्या संस्थेला कळवावे असेही. पुढे १९९६ आणि २००५च्या ठरावांत हितसंबंधांच्या संघर्षाचा स्पष्ट इशारा आला. २०१६च्या ठरावासोबतच्या मार्गदर्शनात तर सरळ सांगितले आहे की, बाळांसाठी आणि लहान मुलांसाठी खाद्यपदार्थ विकणाऱ्या कंपन्यांनी आरोग्य व्यावसायिकांच्या आणि वैज्ञानिक सभा प्रायोजित करू नयेत. म्हणजे १९८१ मध्ये ‘कळवा’ इथवर असलेली गोष्ट पस्तीस वर्षांनी ‘करूच नका’ इथे आली. तोवर अनुभवाने कळले होते की नुसते जाहीर केल्याने प्रभाव कमी होत नाही.

मिडवाइफरी परिषदेला ही मर्यादा इतर कोणत्याही परिषदेपेक्षा जास्त लागू आहे. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात त्याला छातीशी धरायला मदत करते ती मिडवाइफ. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीवर पावडरीच्या कंपनीचे नाव असणे, हा त्या तासावरचाच घाला आहे.

पैसा मात्र समोरच्या दाराने येत नाही. परिषदेचे व्यवस्थापन बहुधा एका व्यावसायिक कंपनीकडे दिलेले असते आणि प्रायोजकांशी करार तीच करते. संघटनेला नावे कळतात ती छापील कार्यक्रमपत्रिका हाती आल्यावर. कधी नाव पावडरीचे नसते, मूळ कंपनीचे किंवा तिच्या ‘पोषण संस्थे’चे असते. कधी तो ‘शैक्षणिक निधी’ असतो, कधी दुपारच्या जेवणासोबतचे ‘विशेष सत्र’, कधी तरुण संशोधिकेचे पारितोषिक. आणि एक गोष्ट हटकून विसरली जाते: दूध पाजायच्या बाटल्या आणि त्यांची बोंडे हीसुद्धा १९८१च्या संहितेच्या कक्षेत येतात. त्यामुळे दूध काढायचे पंप विकणारी कंपनी बाटल्या आणि बोंडेही विकत असेल, तर ‘आम्ही तर स्तनपानाचेच समर्थक’ हे तिचे म्हणणे पुरेसे नाही.

उपाय यजमानपदाचा अर्ज करतानाच करावा लागतो. व्यवस्थापन कंपनीच्या करारातच वगळलेल्या उद्योगांची यादी हवी, मूळ आणि उपकंपन्यांसह. प्रत्येक प्रायोजकाला संघटनेची लेखी मंजुरी लागेल, हे कलम हवे. कोणत्याही सत्राला प्रायोजकाचे नाव नाही, वक्ता ठरवण्यात प्रायोजकाचा हात नाही, आणि एका प्रायोजकाकडून एकूण खर्चाच्या ठराविक हिश्श्यापेक्षा जास्त रक्कम नाही. करार मोडला तर स्टॉल काढायचा आणि रक्कम परत करायची नाही, हेही लिहून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी कोणी भिडेस पडणार नाही. अशा अटी घातल्या तर परिषद साधी होईल: चकचकीत पिशव्या नसतील, मेजवानी नसेल. नसू द्या. पाहुण्या संघटनांनीही हात झटकू नयेत. आपल्या सभासदांपैकी कोणाचा प्रवासखर्च कोणी दिला, हे जाण्याआधी जाहीर करावे आणि नियमात न बसणारा पैसा घेतलेल्यांना संघटनेच्या नावाने बोलू देऊ नये.

‘मग पैसा आणायचा कुठून?’ हा आक्षेप खरा आहे. लहान संघटनेला दोन प्रतिनिधी पाठवणेही जड जाते. त्यावरचा एक मार्ग म्हणजे तीन वर्षे दर महिन्याला थोडा निधी बाजूला टाकणे. हिशेब सोपा आहे, छत्तीस हप्ते मिळतात. पण फार थोड्या संघटना पहिल्या महिन्यापासून सुरुवात करतात. दुसरा मार्ग जोडीचा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ मिडवाइव्ह्जने २०१२ ते २०१५ या काळात नेपाळ, कंबोडिया आणि युगांडातल्या संघटनांशी जोडी करून काम केले. कॅनडा आणि टांझानियाच्या संघटनांनीही अशी जोडी बांधली. अशा जोडीत दोन्ही बाजूंच्या मिडवाइफ एकमेकींच्या कक्षात जातात, आणि परिषदेतले सादरीकरण संयुक्त होते. जोडी एकतर्फी झाली, एक शिकवणार आणि दुसरी नुसती मान डोलावणार, तर ती फार टिकत नाही. ज्या मिडवाइफने कमी साधनांत शेकडो बाळंतपणे हाताळली आहेत, तिच्याकडून शिकण्यासारखे श्रीमंत देशातल्या मिडवाइफला पुष्कळ असते, आणि जोडीच्या करारात ते लिहिलेले असावे.

परतल्यावर काय? संघटनेच्या कामाचा हा भाग सर्वांत कमकुवत राहतो, म्हणून इथे एकच उदाहरण सविस्तर घेऊ.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे जगभरातले एक प्रमुख कारण आहे. २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ई-मोटिव्ह चाचणीचे निष्कर्ष आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली ८० रुग्णालये आणि दोन लाखांहून अधिक बाया. जिथे रक्त मापाच्या खुणा असलेल्या पिशवीत गोळा करून मोजले आणि अतिरक्तस्राव दिसताच सगळे उपचार एकदम सुरू केले, तिथे गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. अतिरक्तस्राव ओळखण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांऐवजी ९३ टक्के झाले. औषधे बहुतेक जुनीच होती. फरक पडला तो वेळेत ओळखण्याने आणि एकामागून एक करत न बसता सगळे एकत्र देण्याने: गर्भाशय चोळणे, गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबावा म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून द्रव, आणि रक्त कुठून येते आहे याची तपासणी.

परिषदेच्या कौशल्य-कार्यशाळेत हे सरावाच्या पुतळ्यावर अर्ध्या तासात शिकता येते. मग प्रतिनिधी घरी येते, सहकाऱ्यांना स्लाइड दाखवते, सगळ्या माना डोलावतात आणि पुढच्या रात्री पुन्हा रक्ताचा अंदाज नजरेने घेतला जातो. नजरेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी येतो, विशेषतः रक्त जास्त असेल तेव्हा. हे का होते, हे कक्षात जाऊनच कळते. पिशव्यांची मागणी भांडारात अडकलेली असते. किंवा पिशवी बाळ येण्याआधीच अंथरली जाते, तिच्यात गर्भजल साठते आणि माप चुकते. ती बाळ जन्मल्यानंतर लगेच सरकवायची असते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड कुलपात असते आणि किल्ली दिवसपाळीच्या इन्चार्जकडे. ते १ ग्रॅम, बाळ जन्मल्यापासून ३ तासांच्या आत द्यावे लागते. किल्ली शोधण्यात त्यातला वेळ जातो. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते, पण दिवसचे दिवस उष्णतेत बाहेर राहते आणि त्याचा जोर कमी होतो. मग मात्रा देऊनही गर्भाशय आकुंचन पावत नाही आणि दोष बाईच्या शरीराला दिला जातो. पहिला तासभर दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, गर्भाशय आणि रक्त पाहायचे असते. तीन बायांमागे एक मिडवाइफ असेल तर दुसरी नोंद चुकते ती चुकतेच.

यातली एकही अडचण स्लाइडने सुटत नाही. त्यासाठी भांडार, औषधविभाग आणि प्रशासन यांच्याशी बोलावे लागते, आणि एकट्या मिडवाइफचे तिथे कोणी ऐकत नाही. संघटनेचे ऐकतात. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटना, स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना फिगो आणि आयसीएम यांनी अतिरक्तस्रावाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे एकत्र जाहीर केली. त्यांत ५०० मिलिलिटरची वाट न पाहता ३०० मिलिलिटर रक्त आणि नाडी-रक्तदाबात बिघाड दिसताच हालचाल करावी असे म्हटले आहे. संघटनेच्या पत्राला हा कागद जोडला, तर औषधाची पेटी कुलपाबाहेर ठेवायचा निर्णय एका बैठकीत होऊ शकतो.

म्हणून खर्च मंजूर करण्याआधीच प्रत्येक प्रतिनिधीकडून एक पान लिहून घ्यावे: परतल्यावर कोणती एक पद्धत बदलायला घेणार, कोणत्या कक्षात, त्याचे मोजमाप काय, आणि त्यात संघटनेने कोणते पत्र कोणाला लिहायचे. एकच पद्धत. तीन निवडल्या की एकही होत नाही. आल्यावर महिन्याच्या आत आधीची स्थिती मोजायची, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा. आकडे सुधारले नाहीत तरी छापायचे. दुसऱ्या कक्षाला त्यातून कळते की नेमके काय अडते.

कोणी म्हणेल, हे सगळे ऑनलाइन का नको? २०२१ची परिषद पडद्यावर झालीच. ऐकण्यापुरते ऑनलाइन चांगलेच आहे आणि ज्यांना व्हिसा, पैसा किंवा रजा मिळत नाही त्यांच्यासाठी ते दार उघडे राहायलाच हवे. भाषणे ध्वनिमुद्रित करून वर्षभर सभासदांना पाहता यावीत, अशी मागणी प्रतिनिधींनी करावी. पण पुतळ्यावर हात ठेवून शिकणे पडद्यावर होत नाही. कौन्सिलमध्ये एखाद्या शब्दावर अडलेले दोन देश चहाच्या वेळी कोपऱ्यात बसून तोडगा काढतात, तेही होत नाही. शिवाय काही तासांच्या फरकाने जगाच्या एका बाजूला मध्यरात्र असते, आणि गैरसोयीची वेळ बहुतेकदा त्याच देशांच्या वाट्याला येते.

एक गट मात्र आजही प्रत्यक्ष आणि ऑनलाइन, दोन्हीकडून सुटतो: ज्यांची बाळंतपणे होतात त्या बाया. कार्यक्रम समितीत त्यांची एक जागा राखीव असावी, आणि ती शोभेची नसावी. सारांश निवडताना तिला मत असावे. ‘प्रतिष्ठेची वागणूक’ या विषयावर दिवसभर बोलायचे आणि जिला ती वागणूक मिळाली नाही तिला खोलीतही घ्यायचे नाही, हे या व्यवसायाला शोभत नाही.

जगात मिडवाइफची कमतरता सुमारे ९ लाखांची आहे, असे २०२१च्या ‘स्टेट ऑफ द वर्ल्ड्स मिडवाइफरी’ अहवालात म्हटले आहे. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, मिडवाइफची सेवा सगळ्यांपर्यंत पोहोचली तर २०३५ पर्यंत दरवर्षी माता, अर्भके आणि मृतजन्म मिळून ४३ लाख जीव वाचू शकतात. इतक्या कमी हातांतले काही हात आठवडाभरासाठी परिषदेला जाणार असतील, तर त्यांच्या कक्षात बदली मिडवाइफ कोण देणार, हे संघटनेने तिकीट काढायच्या आधी रुग्णालयाशी लेखी ठरवावे. हे केले नाही, की शेवटच्या आठवड्यात रजा नाकारली जाते, आणि जागा रिकामी राहू नये म्हणून कार्यालयातल्या कोणाला तरी पाठवले जाते.